फर्डिनंडच्या म्हशीवरचे बगळे

बाळाच्या कानामागं गोचीड सापडला, त्या दुपारी माझ्या बायकोनं, पॉलिननं, मला जेवायला वाढलं नाही.

"आज मोत्या साफ होऊन आला तर घरात," ती म्हणाली. "एक जरी गोचीड राहिला ना, तर उद्या त्याला बाजारात सोडून यायचं. मी सांगून ठेवते."

तो गोचीड तिनं उंबऱ्यावर दगडानं ठेचला होता. डाग वाटोळा, तांबडा. रक्त आमच्याच लेकराचं.

१९८१ सालची दिवाळीची सुट्टी होती. मी शाळेत शास्त्र शिकवायचो आणि सुट्टीत पाखरं बघायचो. दुर्बीण, वही आणि आमच्या कुत्र्याला, मोत्याला घेऊन वटार गावातून खाजणाकडं, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीकडं निघालो. भात कापून झालं होतं. उन्हात पेंढ्याचा गोडूस वास, बांधावर शेपटी हलवत धोबी पक्षी. हिवाळी पाहुणे तुतवारही आले होते. वहीत तारीख टाकली. मोत्या दर चार पावलांवर बसून अंग खाजवायचा. त्याच्या कानांत राखाडी गोचीड टरारून द्राक्षांसारखे लटकले होते. बघवत नव्हतं, आणि त्याला टाकवतही नव्हतं.

खाजणाच्या कडेला गावातल्या फर्डिनंडनं म्हैस खुंटीला बांधली होती. तिच्या पाठीवर, पायांत गायबगळे. पावसाळ्यातली शेंदरी पिसं झडून पांढरेशुभ्र झालेले. टच्, टच्, एकेक गोचीड वेचत होते.

"मास्तर, त्याला पन बांदा हितंच," फर्डिनंड म्हणाला. "बगळं काय फी घेत नाय."

"कुत्र्यावर बसतील?"

"बसतात. पन माजी रोझरी संपली की सोडायचा. बापाचा नेम हाय."

"आणि नाही सोडला तर?"

"कदी ठेवलाच नाय, तर काय सांगू?"

मी हसलो. मोत्याला बांधलं आणि दूर बसून दुर्बीण लावली. मोत्या भुंकला नाही. बगळे आले, बसले. फर्डिनंडच्या बोटांतून जपमाळेचे मणी सरकत राहिले. रोझरी संपली तशी त्यानं म्हैस सोडली.

"सोडा, मास्तर."

"पोट राहिलंय."

त्यानं छातीवर क्रूस काढला आणि म्हैस घेऊन बांधावर जाऊन उभा राहिला.

पोटावरचे गोचीड संपले. बगळे उडाले नाहीत.

एकानं मोत्याच्या मानेवर, अगदी स्वच्छ कातडीवर चोच टेकवली आणि ओढलं. पांढरं, शेवईसारखं काहीतरी बाहेर आलं. येतच राहिलं. जखम नाही, रक्त नाही. बगळ्यानं ते गिळलं. गळ्यातून गोळा खाली सरकताना दिसला. वाऱ्यावर नासक्या दुधाचा वास आला.

मोत्या डोळे मिटून शेपटी हलवत होता.

मी धावलो. हाकललं. ते एकेक पाऊल मागं सरले, एवढंच. मी गाठ सोडत होतो, तेवढ्यात एक बगळा माझ्या मनगटावर बसला. त्याचे पाय गार, ओलसर.

झटकायला हवं होतं.

बारीकसा हिसका बसला. दुखलं नाही. माझ्या हातातून ते कोमट, बुळबुळीत, लांबच लांब निघत होतं. मला तिथंच, धसकटांवर ओकारी झाली. माझं आटपेपर्यंत बगळा ते चोचीत धरून थांबला. मग गिळलं.

मनगटापासून खांद्यापर्यंत हात हलका झाला. इतका हलका, की इतकी वर्षं तो जड होता हे मला तेव्हा कळलं.

"मास्तर!" फर्डिनंड बांधावरून ओरडला. "झाला ना साफ? चला की घरी!"

साफ झाला होता. अंगावर एकही गोचीड नव्हता. गाठ सुटली होती; मोत्या घराकडं तोंड करून माझ्या हातातला दोर ओढत होता, केविलवाणा रडत होता.

मी दोर हातातून सोडून दिला. मग दुसऱ्या हाताची बाही दुमडली.