उलटं बंदर

"हे आपलं बंदर नाहीच! विषय संपला!" कुरोइवासाहेबांनी प्रोजेक्टर बंद केला.

ते तोमारीच्या नौदल संग्रहालयाचे प्रमुख. युद्धनौकांबद्दल विचारा, तासभर बोलतील. कोळ्यांच्या बोटींचं नाव काढलं की लगेच घड्याळ बघतील!

नागिसाची पणजी मात्सुए आयुष्यभर एकच सांगत आली होती. युद्धात नौदलाने तिच्या वडिलांची मासेमारीची बोट घेतली, टोकावर तोफ बसवली आणि पहाऱ्यासाठी दूर समुद्रात धाडली. बोट परतली नाही, वडीलही परतले नाहीत. संग्रहालयात मात्र त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. ‘पुरावा नाही,’ म्हणे! म्हणून सुट्टी लागताच नागिसा, तिचा भाऊ तेप्पेई आणि दोस्त इसामू यांनी तिथली अडगळ उपसून हा आंबूस वासाचा फिल्मचा डबा शोधला होता. फिल्म बघायला गावातली म्हातारी मंडळीही जमली होती.

"दीपगृह उजवीकडे, टेकडी डावीकडे. आपल्याकडे बरोबर उलट!" साहेब म्हणाले. "डबा दुपारच्या कचरागाडीत जाईल."

"मी खोटं बोलत नाही!" चाकांच्या खुर्चीतून पणजी गरजली. नागिसाला भयंकर राग आला.

"तेप्पेई, फिल्ममधल्या धक्क्यावरच्या बायकांचे किमोनो बघितलेस?"

"झालं! हिला कपडेच दिसणार!"

"अरे शुंभा, उजवी बाजू डावीच्या वर होती! सगळ्यांचीच!"

इसामू गारच पडला. "तसं तर मेलेल्या माणसाला नेसवतात! म्हणजे ती सगळी भुतं?"

"भुतं कसली! फिल्मच उलटी लावलीय. डाव्याचं उजवं झालंय!"

साहेबांनी ऐकूनच घेतलं नाही. "तुझ्या जन्माआधीपासून मी फिल्म लावतोय! यंत्राला हात लावायचा नाही!"

नागिसा एकदम साळसूद झाली. "चुकलं, साहेब. पण एकदाच पुन्हा दाखवा ना! पणजीची खात्री पटली की ती परत कटकट करायला येणार नाही."

ही लालूच साहेबांना पुरली. दिवे मालवले, प्रोजेक्टर घरघरू लागला.

"आता!" नागिसा ओरडली. पोरांनी पणजीची खुर्ची थेट पांढऱ्या कापडी पडद्यामागे पळवली. "सगळे इकडे या! मागून बघा!"

दीपगृह डावीकडे, टेकडी उजवीकडे!

"अगं बाई, हा आपलाच धक्का!"

"तो बघा आपला बर्फाचा कारखाना!"

मासेमारीच्या बोटी निघाल्या होत्या. पहिलीच्या टोकावर तोफ होती आणि सुकाणूवरच्या माणसाने टोपी काढून हलवली. पणजी खुर्चीतून अर्धी उठली.

"बाबा!" ती म्हणाली. मग रडत रडत हसली. "किती पोरगेला होता गं माझा बाप!"

शेजारच्या आजोबांनी नागिसाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, पोरी! आम्ही नुसतं बघत होतो, तू डोळे उघडे ठेवलेस."

साहेब मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "एक छोटी पाटी लावू आपण," ते पुटपुटले.

"छोटी नाही!" तिघेही ओरडले. "मोठ्या युद्धनौकेच्या पाटीशेजारी, तिच्याएवढीच!"

"बरं, तिच्याएवढीच. माफ करा, मात्सुएआजी." साहेब कमरेत वाकले.

"माझ्यापुढे काय वाकता?" पणजीने पडद्याकडे बोट दाखवलं. "त्याच्यापुढे वाका!"

बोट दीपगृहाला वळसा घालत होती. साहेब तिच्याकडे वळले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत वाकून उभे राहिले.