अर्गिरिसच्या वाटणीची बशी

"तीनशे बारा!" मिल्तोसने फोन बहिणीच्या डोळ्यांसमोर धरला. "दुपारी दोनला एकशे चाळीस होती, मी स्वतः पाहिली. दोन तासांत तीनशे बारा? काय खाऊ घातलंस तू आईला?"

अन्थी ओट्याशी वांगी परतत होती. तिने गॅस बारीक केला.

आईच्या, देस्पिनाच्या, दंडावर नाण्याएवढा सेन्सर बसला त्याला दीड वर्ष झालं होतं. दर पाच मिनिटांनी तो रक्तातली साखर कळवी. ग्रीसमधल्या व्होलोसच्या या घरात अन्थीच्या फोनवर, आणि त्याच क्षणी जर्मनीत मिल्तोसच्याही. दर दोन आठवड्यांनी नवा सेन्सर लावायचा, जेवणाआधी आकडा पाहून इन्सुलिनचं माप ठरवायचं, आकडा सत्तरच्या खाली घसरला की संत्र्याचा रस घेऊन धावायचं... हे सारं अन्थीच्या वाट्याला. आकडा चढला की फोन करून विचारायचं, "तुझं लक्ष असतं कुठे?" एवढंच मिल्तोसच्या. एका बेटावरच्या शाळेतली आवडती नोकरी सोडून आईसाठी परतलेल्या त्या बाईचं अंतःकरण त्या प्रश्नाने विदीर्ण होई! तरीही दरवेळी ती एकच उत्तर देई, "चुकलं माझं."

कारण खरं सांगायची तिला मुभाच नव्हती. सेन्सर बसला त्याच हिवाळ्यात एका दुपारी ती बाजारातून आली, तेव्हा आई टेबलाशी बसलेली. समोर आंबट चेरीच्या मुरंब्याच्या दोन बश्या, दोन पेले थंड पाणी. "तुझे बाबा गोदीतून येतीलच एवढ्यात," आई म्हणाली. बाबांना, अर्गिरिसला, जाऊन नऊ वर्षं झाली होती! वाट पाहून पाहून आईने दोन्ही बश्या संपवल्या, आणि मग अवचित भानावर येऊन लेकीचे हात घट्ट धरले. "मिल्तोसला कळू देऊ नकोस गं... त्याच्या नजरेत तरी मला धडधाकट राहू दे. शपथ घे!"

अन्थीने शपथ घेतली. घरातला मुरंबा दडवला, तर आई शेजारणीकडून मागून आणू लागली.

उद्या पंधरा ऑगस्ट, मेरीमातेचा सण, आणि आईचं नाव तिच्यावरूनच ठेवलेलं म्हणून आईचाही. म्हणून मिल्तोस आला होता.

"बोल ना!" त्याचा आवाज चढला. "जमत नसेल तर तसं सांग. मी बाई ठेवतो. निदान तिला तरी आईची काळजी असेल!"

अन्थीच्या हातातला झारा गळून पडला. "ठेव," ती कशीबशी म्हणाली. "चुकलं माझं..."

"खोटं बोलतेय ती!"

दारात देस्पिना उभी होती. एक हात चौकटीवर, ओठ चेरीच्या पाकाने लाल.

"मी खाते, मिल्तोस. तुझ्या बाबांची बशी मांडते, ते येत नाहीत, मग त्यांच्या वाटणीचंही मीच खाते. ते गेलेत हेच विसरते रे... कधी कधी हिचं नावसुद्धा! तुला कळू नये म्हणून मी हिला शपथ घातली, आणि ही वेडी पोर तुझी बोलणी खात राहिली."

मिल्तोस खुर्ची ओढून बहिणीसमोर बसला.

"अन्थी... मला नुसता आकडा दिसत होता गं! एकदा तरी सांगायचंस!"

"सांगून तुझी धडधाकट आई तुझ्यापासून हिरावून घेऊ?"

तिच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसून तो लहान मुलासारखा रडला. तिने क्षणभर त्याच्या केसांवर हात ठेवला, मग हलकेच बाजूला केलं. "थांब. आधी आईचं इन्सुलिन." डॉक्टरांनी लिहून दिलेलं माप तिने त्याला दाखवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिल्तोसने आईला सुई टोचली.

देस्पिना त्याच्याकडे पाहत राहिली. डोळ्यांतलं मघाचं तेज कुठेतरी निघून गेलं होतं.

"हा का रडतोय? अन्थी, तू ओरडलीस का माझ्या लेकाला?"

"हो आई," अन्थी सवयीने म्हणाली, "चुकलं मा..."

"नाही आई!" मिल्तोसने बहिणीचा हात घट्ट धरला. "तिचं काही चुकलं नाही. कधीच चुकलं नव्हतं."

आणि दीड वर्ष कोंडून ठेवलेला हुंदका अन्थीला आवरेना... भाऊ तिला जवळ घेऊन उभा राहिला, आणि आपण कशासाठी रडतोय हे ठाऊक नसलेली आईही त्या दोघांना मिठी मारून रडू लागली.