धुक्याचे तुकडे

“हे धुकं ज्यानं कोणी काढलंय ना, त्याला एकदा भेटायचंय मला!”

कॉफीच्या मशीनपाशी उभा असलेला तरुण हातातल्या जुनाट फोनवर डाफरत होता. कप भरता भरता ती थबकली.

“भेटून काय करणार?”

“भांडणार!”

“मग करा सुरुवात... मीच ती.”

त्याचे कान लालेलाल झाले. गेम बनवणाऱ्या त्या ऑफिसात ती चित्रकार म्हणून नुकतीच लागली होती. हा तिथला प्रोग्रामर. सगळे त्याला घुम्या म्हणायचे, कारण तो बोललाच तर फोनशी बोलायचा.

“चित्र सुंदरच आहे हो,” तो चाचरला. “पण पडद्याएवढं धुकं, आणि त्यातली निम्मी जागा रिकामी! फोन बिचारा एकेक पारदर्शक ठिपका मागच्या रंगात मिसळत बसतो, आणि गेम अडखळतो. मॅडम म्हणाल्यात, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर धुकंच काढून टाका.”

धुक्यातून घराकडे परतणारी मुलगी... तो प्रसंग तिनं जीव ओतून रंगवला होता.

“लोकांनी नवे फोन घ्यावेत मग!”

“माझी आई याहून जुना वापरते,” तो हळूच म्हणाला. “तिलाही दिसायला हवं ना... तुमचं धुकं.”

आता याच्यावर रागवायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवसापासून तो आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलापाशी येऊ लागला. तिनं धुक्याचे लहान लहान तुकडे केले, रिकामी जागा छाटली. गच्च रंगाचे ठिपके त्यानं सरळ उमटवले. मिसळण्याचं काम उरलं ते फक्त विरळ कडांपुरतं. मध्येच त्या कडांना काळी रेघ दिसू लागली.

“माझ्या धुक्याला काजळ कोणी घातलं?”

“दृष्ट लागू नये म्हणून...” तो बोलून गेला, आणि मान खाली घालून चूक शोधू लागला. तिला हसू आवरेना.

शुक्रवारी मॅडमनी तोच जुना फोन हातात घेतला. ती त्यांच्या खांद्यावरून पाहत राहिली. धुकं अलगद सरकलं, मुलगी न अडखळता चालत आली. मॅडम एवढंच म्हणाल्या, “राहू दे.”

संध्याकाळी दोघं जिना उतरत होते. शेवटच्या पायरीवर तो थांबला.

“खरं सांगू? काय छाटायचं ते... मेसेजवरही कळवता आलं असतं.”

“ठाऊक होतं मला.”

“आँ? मग बोलला नाहीत कधी?”

“बोलले असते, तर तुम्ही आला असतात?”

तो अगदी हळू म्हणाला, “मला तुम्ही आवडता. फार. पण काम तर संपलं... सोमवारी काय सांगून येऊ?”

तिनं त्याच्या खांद्यावरची घसरलेली बॅग नीट केली. हात मात्र तिथेच राहिला.

“काही सांगू नकोस,” ती म्हणाली. “नुसता ये तू.”