आठवणींतली भेसळ

सोलापूरच्या स्मृतिविकार केंद्राच्या प्रयोगशाळेत नरसय्या गुंडेटी आपल्या लग्नाची हकिकत सांगत होते. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस जन्मभर यंत्रमाग दुरुस्त करत आला होता. मांडव कुठे घातला होता, वाजंत्री कशी उशिरा आली, सगळं त्यांनी नीट सांगितलं. शेवटी म्हणाले, पद्माने त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा खायला दिली ती निळ्या पुड्यातली बिस्किटं. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने, श्रीनिधीने, मान खाली घातली. ती बिस्किटं बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. आईला जाऊन सहा.

नरसय्यांच्या कानामागे स्मरणदूत होता. विस्मरणाचा आजार सुरू झाला की रुग्णाने आणि घरच्यांनी महिना-दोन महिने बसून या यंत्राला सगळं आयुष्य सांगायचं. पुढे रुग्णाचा मेंदू एखाद्या गोष्टीसाठी चाचपडू लागला, की यंत्र ती आठवण त्याच्याच आवाजात कानात कुजबुजे. यंत्र फुकट मिळे. त्या बदल्यात कंपनी मधूनमधून जाहिराती घाली. निरोगी माणूस जाहिरात ऐकतो आणि सोडून देतो. नरसय्यांच्या कानात ती त्यांच्याच आवाजात येई आणि आठवण होऊन बसे.

केंद्राच्या प्रमुख डॉ. शाहीन मुजावर यांना एक कोडं पडलं होतं. स्मरणदूत आतून साधा ब्राउझरच आहे, हे संगणक-अभियंता असलेल्या श्रीनिधीनेच त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये जाहिरातरोधक होता. तो बसवायला दोन मिनिटंही लागली नव्हती. मग इथे का चालत नाही?

श्रीनिधीने समजावून सांगितलं. नेहमीचा रोधक पत्त्यांची यादी बाळगतो. जाहिरातवाल्यांच्या पत्त्यावरून काही आलं की दार लावून घेतो. इथे आठवण आणि जाहिरात एकाच पत्त्यावरून, एकाच आवाजात येत होत्या. त्यातून जाहिरातीचे शब्द माणसागणिक बदलत. कोणाला लग्नातली बिस्किटं, कोणाला शाळेच्या डब्यातली.

"मग ओळखायची कशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवण एकट्याची असते, जाहिरात सगळ्यांची," श्रीनिधी म्हणाली. "शब्द कितीही बदलले तरी आतली गोष्ट तीच राहते. प्रत्येक कुजबुजीचा अर्थठसा काढायचा, म्हणजे शब्द टाकून फक्त अर्थाची खूण. तोच ठसा पाच यंत्रांत सापडला, तर ती जाहिरात. अडवायची."

डॉक्टरांची एक अट होती. रोधकाला यंत्रातलं सगळं वाचायची परवानगी द्यावी लागणार होती, आणि माझ्या रुग्णांचं आयुष्य मी कोणापुढे उघडं करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून श्रीनिधीने रोधकाची रचना बदलली. वाचन यंत्रातच होणार, बाहेर जाणार तो फक्त ठसा. आणि ठशावरून आठवण परत उभी करता येत नाही. हे पटल्यावरच डॉक्टरांनी होकार दिला.

दोघींनी घरोघर जाऊन दोनशे बारा रुग्णांच्या यंत्रांत रोधक बसवला. एका म्हाताऱ्यांच्या सुनेने तर श्रीनिधीला तासभर बसवून घेतलं आणि बाहेर काय जातं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सासऱ्यांच्या यंत्राला हात लावू दिला नाही. श्रीनिधीला त्याचं बरंच वाटलं.

तीन आठवड्यांत फरक दिसू लागला. नरसय्यांनी पुन्हा लग्नाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिच्यात बिस्किटं नव्हती. पद्माने दिलेला गुळाचा खडा होता. तो गुळाचा खडा श्रीनिधीने लहानपणी आईकडून ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी ती अडवलेल्या ठशांची यादी तपासायला बसली. बहुतेक ठसे कंपनीच्या जाहिरातींशी जुळत होते: बिस्किटं, विमा, गुडघ्यांचं तेल. त्यांत एक ठसा वेगळा होता. तो एकतीस यंत्रांत सापडला होता, पण कंपनीकडून तो आल्याची एकही नोंद नव्हती. कंपनीने आता थेट साठवलेल्या आठवणींतच भेसळ केली, अशी तिला शंका आली. त्या एकतीस यंत्रांत तिच्या वडिलांचंही होतं. त्यांना विचारून तिने त्यांचं उघडलं.

आत नरसय्यांचा आवाज होता, पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतः यंत्राला सांगितलेली आठवण. "शाळेचा पहिला दिवस. मला मराठी येत नव्हतं, घरी तेलुगू. मी रडत होतो. बाई खाली जमिनीवर माझ्याजवळ बसल्या. खुणेने म्हणाल्या, तू मला तुझा एक शब्द दे, मी तुला माझा एक देते. हे त्यांनी फक्त माझ्यासाठी केलं."

परवानगी घेऊन आणखी यंत्रं उघडली. एक विणकर आजी, एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपी. शब्द निराळे, गोष्ट तीच. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच: फक्त माझ्यासाठी.

श्रीनिधीने डॉक्टरांना फोन केला. "रोधक चुकला नाही. मी जे सांगितलं तेच त्याने केलं. पुष्कळांची होती म्हणून अडवली. तीन आठवडे आपण ही आठवण त्यांना मिळू दिली नाही."

डॉक्टरांनी तिला आधी दुरुस्ती करायला सांगितलं. ती सोपी होती: रुग्णाने स्वतः सांगितलेलं कधीही अडवायचं नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "एकाचीच असलेली आठवण त्याच्याबरोबर संपते, श्रीनिधी. एकतीस जणांची असेल, तर एकाचं विसरलेलं दुसऱ्याकडे सापडेल. तुझ्या रोधकाकडून आता हे शोधायचं काम करून घे."

ज्यांची इच्छा होती त्यांना एकत्र आणायचं ठरलं. पोस्टमनने बाईंचं नाव सांगितलं, शिंप्याने त्यांच्या भाचीचा पत्ता. बाई, विमल दातार, चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि ठणठणीत होत्या.

रविवारी सकाळी नऊ जण त्यांच्या ओसरीवर जमले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या जरा ओशाळल्या. "मी सगळ्यांनाच तसं म्हणायचे रे," त्या म्हणाल्या. "मला तेलुगू येत नव्हतं. तुमच्याकडून नाही, तर कोणाकडून शिकणार होते? कोणी कुठला शब्द दिला ते आता लक्षात नाही. शब्द मात्र सगळे आहेत."

आणि त्यांनी ते म्हणायला सुरुवात केली. नीळ्ळू, म्हणजे पाणी. विणकर आजी हसल्या. तो त्यांचा होता. चेट्टू, झाड. पोस्टमन पुढे सरकले. नरसय्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. श्रीनिधीने हातातल्या फोनवर वडिलांच्या यंत्राची नोंद पाहिली. वडिलांचा मेंदू चाचपडत होता, पण स्मरणदूत गप्प होता. आपला शब्द कोणता, हे नरसय्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यांना तेव्हाच आठवत नव्हतं.

"मग्गम," बाई म्हणाल्या. "माग."

नरसय्यांनी बसल्या जागी हात वर केला.