आटणीनंतर उरलं ते

चांदीकामाच्या हुपरीत हल्ली पैंजणांपेक्षा झाकणं जास्त घडतात. झाकण म्हणजे उजव्या कानामागं, केसांच्या कडेला बसणारी चांदीची टिकली. तिच्याखाली असतो स्मरणसेतू. ताप डोक्यात गेल्यानं म्हणा, अपघातानं म्हणा, ज्यांच्या मेंदूत नवी आठवण टिकेनाशी होते, त्यांच्यासाठी हे यंत्र निघालं. दिवसभरात जे घडेल ते सेतू साठवतो आणि मेंदूनं मागितलं की परत देतो. पुढं धडधाकट माणसंही हौसेनं बसवून घेऊ लागली. आणि हौस म्हटल्यावर साध्या प्लास्टिकच्या झाकणावर भागतंय होय? चांदीच पाहिजे! त्यामुळं गावाचं बरं चाललं होतं.

विश्वजीत गुरव हा या झाकणांचा नावाजलेला कारागीर. त्याच्या स्वतःच्या कानामागंही एक होतं, पण ते हौसेचं नव्हे. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला मेंदूज्वर झाला आणि त्यातून तो उठला तो मधूनमधून सकाळचं दुपारी विसरत, आणि हे वाढत जाऊन पुढं काहीच टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा सेतू बसला. त्याचा मुलगा मल्हार जन्मला तो त्यानंतर, वाढला तोही त्यानंतर, आणि ऐन विशीत कागलजवळ हायवेवर अपघातात गेला तोही त्यानंतरच.

मल्हार गेला त्या वर्षी घरात गणपती बसवले नव्हते, त्यामुळं तो गेल्यावरचा पहिला सण दसरा. त्यांच्याकडं रीत अशी, की दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला गोड शिजत नाही. सोयरे आपापल्या घरून जेवण घेऊन येतात. थोरल्या माणसानं घरधन्याच्या तोंडापुढं घास धरायचा, त्यानं मान फिरवायची, पुन्हा आग्रह करायचा. शेवटी डोळे पुसत त्यानं घास घेतला की सगळ्यांनी मिळून एकदा रडून घ्यायचं. मग दुखवटा फिटला.

विश्वजीतची बायको प्रणाली. तिच्या थोरल्या भावानं, अनिकेतनं, पुरणपोळीचा घास केला आणि विश्वजीतपुढं धरला. विश्वजीतनं तो लगेच तोंडात घेतला.

"झकास झालीय," तो म्हणाला. "तूप वाढा की वाईच. आमच्या मल्हारला लई आवडायची. एका बैठकीत चार हाणायचा!"

आणि तो हसला. वेड्यासारखा नव्हे, अगदी साधं, प्रसन्न हसला. रडायच्या तयारीनं पदर हातात घेतलेल्या बायका तशाच बसून राहिल्या. अनिकेतला हात कुठं ठेवावा कळेना. "बाप म्हणायचा का कोण हा!" अशी मागून कुणीतरी कुजबुज केली. प्रणाली स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. रडायला तिला कुणी सोबतच नव्हतं.

लोकांना काय माहीत? तो असा नव्हता. मल्हार गेल्यावर पहिले काही महिने विश्वजीत जेवत नव्हता, बोलत नव्हता. कारखान्यात भट्टीपुढं नुसता बसायचा. अंगावरचं मांस उतरलं. मुलगा तर गेलाच, आता नवराही जातो, या धास्तीनं प्रणालीनंच त्याला कोल्हापुरात एका बोळातल्या दुकानात नेलं. तिथं 'मूळताबा' करून मिळायचा.

मूळताबा म्हणजे काय, ते नीट सांगितलं पाहिजे. सेतूचे दोन थर असतात. वरच्याला म्हणतात वापरपट. माणसाच्या आठवणी, ओळखी, सवयी सगळं तिथं साठतं. खालचा मूळपट. सेतूनं काम कसं करायचं, याचे नियम त्यात असतात. ते कंपनी लिहिते आणि कुलूप लावून देते. कुठली आठवण वर आली की मनावर तिचा किती भार पडावा, हा नियमही तिथलाच. ते कुलूप फोडून मूळपट आपल्या ताब्यात घ्यायचा, याचं नाव मूळताबा. कंपनी म्हणते करू नका. पण करू नका म्हटलेलं करायचं नाही, असं आपल्याकडं कधी झालंय?

दुकानदारानं अर्ध्या तासात काम केलं. दुःखाचा भार एका रेषेच्या वर जाणारच नाही, असा नियम मूळपटात लिहून टाकला. त्याच संध्याकाळी विश्वजीतनं दोन भाकरी खाल्ल्या, आणि प्रणालीनं देवापुढं साखर ठेवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला डॉ. नौशीन मुजावर यांच्याकडं गेली. सेतूवर संशोधन करणाऱ्या या बाई पन्नाशीच्या, बोलायला शांत. प्रणालीनं सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, "मॅडम, आता माझा नवरा आटवायचाय."

"काय करायचाय?"

"आमच्याकडं दागिना बिघडला की आटणीला टाकतात. वितळला की चांदी मूळची हातात. सेतूच्या पुस्तकात पण लिहिलंय, 'मूळ स्थितीत परत' म्हणून. तेवढं करून द्या. मला माझा रडणारा माणूस परत पाहिजे."

डॉक्टर जराशा हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तरुणपणी तुमच्याकडं फोन होता ना, हातात धरायचा?"

"होता की."

"तो रूट केला होता कधी, म्हणजे कंपनीचं कुलूप फोडलं होतं?"

"अनिकेतदादानं केलता. काहीतरी फुकटातलं घालायचं होतं त्याला. मग फोन अडकायला लागला, म्हणून फॅक्टरी रिसेट मारला."

"मग काय झालं?"

"व्हायचंय काय! माझ्या साखरपुड्याचे फोटो गेले. नंबर गेले."

"आणि रूट? ते गेलं?"

प्रणाली आठवू लागली. "नाही... बँकेचं ॲप त्याच्यावर आधी चालत नव्हतं, ते नंतरही चाललं नाही. 'फोनमध्ये फेरफार आहे' म्हणायचं. दुकानदार म्हणाला, रूट आहे तसंच आहे."

"तेच सांगतेय. लोकांना वाटायचं, फॅक्टरी रिसेट म्हणजे फोन कारखान्यातून निघाला तसा होणार. पण रिसेट फक्त वरचा थर पुसतो. खालच्या थराला तो हातच लावत नाही. खाली कुणी ढवळाढवळ केली असेल, तर रिसेटच्या लेखी तेच मूळ."

प्रणालीनं ते आपल्या भाषेत ताडून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आटणीत घडण जाते. पण चांदीत तांबं मिसळलं असेल, तर ते तसंच राहतं."

"अगदी बरोबर. सेतूचं ते बटण मी दाबलं, तर मल्हारच्या आठवणी जातील आणि त्या दुकानदाराचा नियम राहील. तुमच्या मालकांना मुलगाही आठवणार नाही आणि दुःखही होणार नाही."

"मग दुकानदारालाच सांगते, आधीचा नियम परत लिही म्हणून."

"हे दुकानदार जुनं खोडून नवं लिहितात, प्रत ठेवत नाहीत. प्रत्येक माणसाचा मूळपट पहिल्या ऑपरेशनच्या वेळी त्याच्या मेंदूशी जुळवून घेतलेला असतो. आता एकच करता येतं. कंपनीकडून कोरा मूळपट मागवायचा आणि नव्यानं जुळवायचा. ते मला येतं. दुःखाचा भार पुन्हा पूर्वीसारखा होईल. पण नवा मूळपट कोऱ्या सेतूवरच बसतो."

"आठवणी काढून बाजूला ठेवा की. मग परत घाला."

"त्या जुन्या मूळपटाच्या किल्लीनं बंद केलेल्या असतात, प्रणालीताई. मूळपट बदलला की किल्ली गेली. पेटी राहील, उघडणार नाही."

खिडकीबाहेर रिक्षा वाजत होत्या. प्रणालीला सगळं कळलं होतं, तरी कळलं नाही असं तिला वाटत राहिलं. आत्ता विश्वजीतला मल्हार आठवतो, पण त्याच्यासाठी जीव तुटत नाही. नवा मूळपट घातला तर जीव तुटू शकेल, पण मल्हार आठवणार नाही. दोन्ही एकदम मिळायची सोय नाही.

"त्यांना कुठवरचं आठवेल?" तिनं विचारलं.

"सेतू बसण्याआधीचं सगळं. ते त्यांच्या स्वतःच्या मेंदूत आहे. तुम्ही आठवाल, घर आठवेल, काम आठवेल. पहिल्या ऑपरेशनला आत नेलं तिथपर्यंत. पुढची वीसेक वर्षं नाहीत. रडता येईल त्यांना. पण रडणार कशावर?"

"मी सांगीन," प्रणाली म्हणाली. "पहिल्यापासून सगळं सांगीन. फोटो दाखवीन, त्याचा आवाज ऐकवीन. बापाचं काळीज आहे मॅडम, हलल्याशिवाय राहील होय?"

"त्यांची संमती लागेल."

घरी आल्यावर प्रणाली मल्हारचा फोटो घेऊन कारखान्यात गेली. विश्वजीत एका झाकणावर नक्षी काढत होता. तिनं काही न लपवता सांगितलं. तो मान खाली घालूनच ऐकत होता.

"हरकत नाही," तो म्हणाला.

"अहो, नीट ऐकलंत का? मल्हार जाईल. त्याचं बोबडं बोलणं, त्याची शाळा, या भट्टीवर हात भाजून घेतला होता ते... तुमच्याजवळ काही म्हणजे काही राहणार नाही."

"तुझ्याजवळ राहील की."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यानं मान वर केली आणि मनापासून विचार केला. "नाही गं. पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. तू खूश होशील ना? मग करूया." आणि नक्षीकडं वळला.

प्रणालीला त्याचा असा राग आला, की हातातला फोटो त्याच्या अंगावर भिरकावावा. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. हा काही निर्दय माणूस नव्हता. त्याला तसं करणारी तीच होती.

डॉ. मुजावर यांनाही तो होकार पचेना. "गमावल्याचं दुःखच ज्याला होत नाही, त्याची गमवायला संमती घ्यायची, याला काय अर्थ आहे?" त्या म्हणाल्या. "नियमात बसतं. मनात बसत नाही. अजून विचार करा."

"विचार करून झाला, मॅडम. मी एकटी रडून थकले. पोरगा दोघांचा होता."

ऑपरेशन झालं. सेतू आधी कोरा केला, मग नवा मूळपट घातला. डोळ्यांकडून येणारी जोडणी नव्यानं बसायची होती, म्हणून एक दिवस डोळ्यांवर पट्टी ठेवली. डॉक्टर प्रणालीला म्हणाल्या, "भार पूर्वीसारखा झालाय, मी तपासलंय. आता ते सगळं दुःख सोसतील, तुमच्या-माझ्यासारखं. केव्हा आणि काय सांगायचं, ते तुमच्या हातात आहे." आणि दार लोटून बाहेर गेल्या.

प्रणाली खाटेजवळ बसली. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. आधी जन्म सांगायचा, बारसं सांगायचं, मग शाळा, मग कॉलेज. कागलचं सगळ्यात शेवटी. तिनं त्याचा हात हातात घेतला.

विश्वजीत जागा झाला. "प्रणाली?"

"हं."

"झालं का ऑपरेशन?"

"झालं."

"बरं झालं बाई. आता विसरणार नाही ना मी?" त्यानं तिचा हात चाचपला. "आणि हात किती खरखरीत झालेत गं तुझे! माझ्या दुखण्यापायी हाल झाले बघ."

आवाज तोच होता, पण त्यात जीव होता. काळजी होती, भीती होती. कित्येक महिन्यांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. तिला एकदम बरं वाटलं. तिनं तोंड उघडलं, "अहो, तुम्हाला एक सांगायचंय."

"कळलंय मला," तो म्हणाला. "त्या डॉक्टरीणबाईंचा रिपोर्ट आला ना? आला असणार. म्हणूनच अशी तुटक बोलतेस तू."

कुठला रिपोर्ट, हे तिला आधी उमगेना. मग उमगलं. मेंदूज्वराच्या आधी सहा वर्षं घरात पाळणा हलला नव्हता. दवाखाने, नवस, उपास, सगळं करून झालं होतं. विश्वजीतला पहिल्या ऑपरेशनला आत नेलं, त्या आठवड्यात तिच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. त्याच्या लेखी तो आठवडा अजून संपलेला नव्हता.

"खरं सांग," तो म्हणाला. "मी ऐकून घेईन. आपल्याला मूल होणार नाही, असंच आहे ना?" आणि त्याचा आवाज फुटला. पट्टीच्या खालून पाणी गालावर ओघळलं. ओठ दाबून धरायचा तो प्रयत्न करत होता, जमत नव्हतं.

प्रणाली त्याच्याकडं बघत राहिली. मल्हारसाठी त्यानं असं रडावं, एवढंच तिनं मागितलं होतं.

"होईल," ती म्हणाली. "मुलगा होईल आपल्याला."

एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला. तिनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. त्यानं तिला दोन्ही हातांनी जवळ घेतलं आणि तोही हमसून हमसून रडला. मल्हार गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकत्र रडत होती. ती गेलेल्या पोरासाठी, तो अजून न आलेल्या पोरासाठी.

बऱ्याच वेळानं तो शांत झाला. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "गप, गप. रडू नको अशी. अजून वय कुठं गेलंय आपलं?"