नोराच्या नावापुढचा समास

"ज्याला घरी जायचंय त्यानं आत्ताच जावं. अर्ध्यातून उठलेलं मला चालत नाही," एकनाथकाका म्हणाले आणि त्यांनी बेसमेंटमधला मोठा दिवा मालवला.

नेपरव्हिलचं त्यांचं घर. वर शरयूकाकू उरलेली भाजी डब्यांत भरत होत्या, त्यांच्या झाकणांचे आवाज खाली येत होते. सिद्धेश आणि सावनी, दोघं शिकागोला एमएस करणारी, एकाच ब्लँकेटची दोन टोकं ओढून बसली होती.

"काका, भूत आपलं आहे की इथलं?" सिद्धेशनं विचारलं.

"आयरिश."

"मग पबमध्ये भेटलं असेल यार."

"हस, हस. ज्याच्यावर बेतलं तो माझा पंचेचाळीस वर्षांपासूनचा मित्र आहे. चारुदत्त. गेल्या दिवाळीत त्याच्याच हातच्या चकल्या डबा भरून घेऊन गेलास तू."

"ते शांत काका?"

"शांत नव्हता रे तो. शांत झाला."

काम म्हटलं तर साधं होतं. कालव्याकाठच्या एका गावात जायचं, तिथल्या बंद पडलेल्या चर्चमध्ये एका वहीच्या एका पानाचा फोटो काढायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. मंगळवार, बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. कार्तिकातली अमावस्या. ती संध्याकाळी पाच एकतीसला संपते, हे चारुदत्तनं सकाळीच ॲपमध्ये पाहिलं होतं. पाहिलं आणि फोन सायलेंट करून खिशात टाकला. असल्या गोष्टी तो पाहायचा. मानायचा नाही.

ते पान त्याच्या बायकोचं होतं. नोरा किन्सेला.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कालवा खोदायला आलेल्या आयरिश मजुरांची ती पणती. घर कट्टर कॅथलिक. एकोणऐंशी साली चारुदत्तनं तिला नागपूरला नेलं, अग्नीभोवती फिरवलं आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं, वीणा. बायकांची नावं बदलायची आपल्या लोकांना हौस दांडगी. पाळलेल्या कुत्र्याचं नाव बदलताना माणूस दोनदा विचार करील, बायकोचं बदलताना करत नाही. नोरा हसली. नवं लग्न, नवी साडी, चारचौघं बघतायत. हसेल नाही तर काय करील?

परत आल्यावर दोघं तिच्या आईला भेटायला गेली. आई घरातच होती. खिडकीचा पडदा हलला, दार मात्र उघडलं नाही. पाऊण तास पायरीवर उभं राहून दोघं माघारी फिरली. त्यानंतर आईनं एकच गोष्ट केली. चर्चच्या स्मशानभूमीत किन्सेलांची जागा होती, तिच्या कागदात लिहून ठेवलं: इथे माझ्या मुलींपैकी ज्या अविवाहित राहतील त्यांनाच पुरावं. मुली तीन होत्या. दोन लहानपणीच गेल्या होत्या. म्हणजे ते कलम कुणासाठी होतं ते वेगळं सांगायला नको.

आई चौऱ्याण्णव साली गेली. नोरा चारुदत्तबरोबर बेचाळीस वर्षं नांदली. मराठी शिकली तीही नागपुरी. "काऊन जी, आज लौकर आले?" असं ती दारातून विचारायची आणि आलेले पाहुणे खुर्चीतून पडायचे. घरात ती त्याच्याशी कधी इंग्रजी बोलली नाही. एकवीसच्या मार्चमध्ये हॉस्पिटलात शेवटच्या रात्री म्हणाली, "मला आईजवळ ठेवा जी. तिनं दार नाही उघडलं तरी दाराशी ठेवा."

तिची राख कपाटात ठेवून चारुदत्त कामाला लागला.

लायब्ररीत घराण्यांचा शोध घ्यायला मदत करणारी एक बाई बसायची. तिनं नोराचं नाव विचारायच्या आधी धर्म विचारला. "कॅथलिक की प्रोटेस्टंट? ते सांगितल्याशिवाय आयरिश माणसाची एकही वही उघडत नाही." चारुदत्तला हसूच आलं. त्र्यंबकेश्वरला असंच झालं होतं. तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं होतं आणि दहा मिनिटांत त्याच्या पणजोबांची सही पुढ्यात ठेवली होती. म्हणजे यांच्याकडेही बाडं आहेत तर!

होतीच. बाप्तिस्म्याच्या वह्यांवरून तो एकेक पिढी मागे गेला, थेट आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या एका खेड्यात, अठराशे अडतीसपर्यंत. तिथे त्याला नोराच्या खापरपणजोबांचा एक भाऊ सापडला. दुष्काळात प्रोटेस्टंटांच्या अन्नछत्रातलं सूप पोरांच्या तोंडात पडावं म्हणून त्यानं धर्म बदलला होता. त्याची ओळ तिथेच थांबली होती. पोरं जगली का मेली, त्या वहीला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. दोन्हीकडचे देव गप्प बसतात हो. मिजास असते ती दप्तरं सांभाळणाऱ्यांची.

चारुदत्तला तेव्हाच कळायला हवं होतं. पण गरजवंताला कुठलं कळतं?

स्मशानभूमीच्या ऑफिसातली मुलगी भली होती. म्हणाली, "आता इतकं कुणी पाहत नाही, पण कागद तो कागद. बाप्तिस्म्याची नोंद आणा. नोंदीशेजारी समास सोडलेला असतो. पुढे लग्न झालं की त्यात लिहितात. समास कोरा असला तर आम्ही काही विचारणार नाही."

नागपूरच्या लग्नाची वर्दी या चर्चला कोण देणार होतं? समास कोराच असणार. त्याला तोंडानं खोटं बोलायचं नव्हतं. फक्त कोरी जागा दाखवायची होती.

"पण काका, दॅट्स चीटिंग ना?" सावनी म्हणाली.

"बायकोला तिच्या आईशेजारी निजवायचं, त्याला तू चीटिंग म्हण. मी नाही म्हणणार. पुढे ऐक."

चर्च विकायला काढलं होतं, वह्या मुख्य कचेरीत हलवायच्या होत्या. देखरेख करणारे डॉयल नावाचे म्हातारे गृहस्थ फोनवर म्हणाले होते, मंगळवारी पाचपर्यंत या, मी असेन.

चारुदत्त पोचला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. इथे डिसेंबरात पाच म्हणजे रात्रच. बर्फ नव्हता, नुसती कोरडी थंडी. चहूकडे मक्याची कापलेली शेतं. पार्किंगमध्ये एकही गाडी नाही. मात्र बाजूच्या एका खिडकीत उजेड होता आणि दार लोटलेलं होतं.

आत बाकं नव्हती. विकली असावीत. फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते. तो त्यांच्यामधून चालत गेला. वेदीच्या मागे एक खोली होती. खोलीत टेबल, टेबलावर वही आणि वहीमागे एक म्हातारी बाई. अंगात राखाडी स्वेटर. शेजारी दौत आणि टाक.

"मिस्टर डॉयल?"

"तो नाही. मी आहे. नाव?"

"वीणा," तो म्हणाला.

बेचाळीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं.

बाईनं पानावरून बोट फिरवलं. सावकाश. वरून खाली. "अशी कुणी नाही."

"सॉरी. नोरा. नोरा किन्सेला. मे त्रेपन्न."

"ती आहे."

तिनं पान उलटलं नाही. ते आधीच उघडलेलं होतं.

चारुदत्तनं फोन वर केला. बाईनं नोंदीवर पंजा ठेवला.

"समास कोरा आहे," ती म्हणाली.

"हो."

"का कोरा आहे?"

त्यानं फोन खाली घेतला. खोलीत हीटर नव्हता. त्याच्या तोंडातून वाफ येत होती.

तिच्या तोंडातून येत नव्हती.

"लग्न?" तिनं विचारलं.

दार जवळ होतं. निघून जाता आलं असतं. पण वही पुन्हा मिळणार नव्हती. तो म्हणाला, "नाही."

"कुणाचं नाही?"

"नोराचं... नाही झालं."

बाईनं टाक उचलला. "लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार पुकारतात. नव्हतं म्हणायचं असेल तर तेही तीनदा. हे एक झालं."

बोलताना तिनं हनुवटी वर केली. जराशीच. नोरा रागावली की अशीच करायची. नोराच्या आईचा चेहरा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पाहिला होता तो हललेला पडदा.

"मिसेस किन्सेला..."

टाक तसाच. शाईचा थेंब टोकाशी लोंबत होता, पडत नव्हता.

त्याच्या मनात आलं, तेव्हा हिनं दार उघडलं नव्हतं. आज उघडलंय. मी बोललो तर नोरा आत जाईल. दोन शब्दांचं तर काम...

"नोराचं लग्न झालं नव्हतं."

"दोन."

मागे मोठ्या दालनात बाक करकरलं. कुणी उठताना करकरतं तसं.

दालनात बाकं नव्हती.

चारुदत्तला मान वळवायची होती. वळेना. मागे कुणी तरी होतं. ऐकत होतं. श्वास कळत होता त्याला. ओळखीचा श्वास. रोज रात्री उशीवर शेजारी असायचा तो.

"नोरा माझी..." तो म्हणाला आणि थांबला.

बाई वाट पाहत होती.

तिला घाई नव्हती.

"...नोराचं लग्न झालं नव्हतं. कधीच."

बाईनं टाक खाली ठेवला. काही लिहिलं नाही. "मग राहू दे कोरा," एवढंच म्हणाली.

आता मान वळली.

दारात नोरा उभी होती. तेविशीची. तपकिरी लांब कोट, तांबूस केस. शहात्तर साली युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं तशी. ती त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर तो पाया पडला असता, रडला असता, बेचाळीस वर्षं रुसवे काढलेच होते. पण तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे बघावं, तसं.

"नोरा..."

"हू आर यू लुकिंग फॉर, सर?"

इंग्रजीत.

अगदी सभ्यपणे.

मग ती त्याच्या शेजारून पुढे टेबलाकडे गेली. कोटाची कड त्याच्या हाताला लागली. आणि दिवा गेला...

तो भानावर आला तेव्हा पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता. पाच एकतीस. चर्चच्या दाराला साखळी होती. साखळीला कुलूप. खिडकी काळी. त्यानं दार हलवून पाहिलं, मारलं, हाका मारल्या. शेतांमधून त्याचाच आवाज परत आला.

फोनवर डॉयलांचा निरोप पडलेला होता, दुपारी दीडचा. "वह्या सकाळीच नेल्या. चर्चला कुलूप लावलंय. तुम्ही एवढ्या लांब येऊ नका. तुमच्या पानाचा फोटो मी मेल केलाय."

मेल बारा वाजून दहा मिनिटांनी आली होती. सोबत फोटो. नोरा किन्सेला, मे त्रेपन्न. समास कोरा. डॉयलांनी तो स्मशानभूमीच्या ऑफिसलाही पाठवला होता, खाली त्यांचं उत्तर: परवानगी आहे, एप्रिलमध्ये जमीन मऊ झाली की या.

बेसमेंटमध्ये सिद्धेशनं ब्लँकेटचं टोक सोडून दिलं. वरच्या डब्यांचे आवाज थांबले होते.

"म्हणजे..." सावनीनं विचारलं. "त्यांनी म्हणायची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"मग काकांनी पुन्हा जाऊन सांगायचं ना," सिद्धेश म्हणाला, "की खोटं होतं म्हणून. तीनदा सांगायचं."

"गेला की. अकरा वेळा गेला. जानेवारीत, फेब्रुवारीत. साखळी लावलेल्या दारासमोर उभा राहून ओरडला, माझी बायको आहे, माझी बायको आहे, माझी बायको आहे. एकदा तर पोलिसांनी घरी आणून सोडला. ऐकायला आत कुणी असावं लागतं, बाळा."

एप्रिलच्या दहा तारखेला दोघंच गेले, चारुदत्त आणि एकनाथकाका. ऑफिसातल्या मुलीनं जागा दाखवली. आईच्या दगडाला लागून हातभर खड्डा होता. चारुदत्तनं स्वतःच्या हातांनी राख ठेवली, माती लोटली. मंत्र म्हणायला तोंड उघडलं तर कुठलं नाव घ्यावं, कुठलं गोत्र, ते त्याला ठरवता येईना. नाव न घेताच उठला.

ऑफिसच्या भिंतीला नळ होता. तिथे दोघांनी हात धुतले. चारुदत्तच्या बोटात नोरानं घातलेली सोन्याची अंगठी होती, तिच्याकडच्या पद्धतीची. लग्नापासून ती एकदाही निघाली नव्हती. सांधा सुजून ती मांसात रुतली होती. त्याच्या एका तपासणीच्या वेळी हॉस्पिटलात साबण लावून, दोरा गुंडाळून पाहिलं तरी हलली नव्हती. एकनाथकाका म्हणायचे, चारू, ही तुझ्याबरोबरच जाणार.

पाण्याखाली हात धरला आणि ती आपसूक घरंगळली. सिमेंटवर टणकन पडली.

एकनाथकाकांनी वाकून ती उचलली आणि त्याचा हात हातात घेतला. चौऱ्याहत्तर वर्षांचा हात, सुरकुतलेला, डागाळलेला. अंगठीच्या जागी वळ नव्हता. पांढुरका पट्टा नव्हता. सांध्याची सूजही नव्हती. तेवढं एक बोट सरळ होतं, कोवळं, मुळापासून टोकापर्यंत एकाच रंगाचं, जिथे कधी काही घातलेलंच नाही असं.