वगळलेली शून्यं

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तो तिला आडवा आला. म्हणजे आडवी आली ती त्याच्या हातातली फाईल, आणि त्यातले कागद पाचेक पायऱ्या खाली जाऊन विसावले.

दोघंही ते गोळा करायला वाकले.

"अहवालाचा प्रोग्रॅम ज्याने लिहिलाय, तो माणूस कुठे बसतो हो?" त्याने विचारलं.

"का?"

"त्याचे कान उपटायचेत. मी दवाखान्यात कान तपासतो. तपासायचेच पैसे मिळतात, पण आज जास्तीचं काम करायची तयारी आहे."

तो माणूस म्हणजे ती स्वतः. ऑफिसात तिला 'गाळणी' म्हणत, कारण यादीतल्या रिकाम्या नोंदी गाळून काढणं हे तिचं काम आणि थोडासा स्वभावही. आईने आणलेल्या स्थळांच्या यादीतसुद्धा एखादा रकाना रिकामा दिसला, की ते नाव बाद. यादी आता इतकी स्वच्छ झाली होती की तीत कोणीच उरलं नव्हतं.

"तो… आज आला नाहीये," गाळणी म्हणाली. "पण मी बघू शकते."

त्याने मान डोलावली. कागद देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि तो विनाकारण 'सॉरी' म्हणाला. कान उपटायला आलेल्या माणसाच्या मानाने फारच मऊ आवाजात.

तिच्या टेबलापाशी बसून त्याने हकीकत सांगितली. बस डेपोतल्या चालकांची तपासणी त्याने स्वतः केली होती. प्रत्येकाला सहा वेगवेगळे सूर ऐकवायचे. सूर सगळ्यात बारीक आवाजात ऐकू आला तर शून्य लिहायचं. आवाज वाढवावा लागला तर आकडा वाढतो. सरासरी तीसच्या वर गेली तर माणूस अपात्र. तपासले बारा, आणि प्रोग्रॅमने नऊ जणांना बहिरं ठरवलं.

"आणि एकाचे कान इतके चांगले, की बघतच राहावं. त्याच्या अहवालात लिहिलंय, 'तपासणी झालीच नाही'. मी अर्धा तास त्याच्यासमोर बसलो होतो. मग मी कोणाला तपासलं?"

"नऊ जणांचं काय होणार?"

"चार वाजता डेपोत यादी जाते. उद्यापासून ते स्टिअरिंगवरून खाली." तो जरा थांबला. "त्यात माझी ताई आहे. वीस वर्षं बस चालवतेय. आईनंतर मला तिनेच वाढवलं… त्याच पगारावर."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. गाळणीने ताईचा कागद समोर ओढला. शून्य, शून्य, शून्य, शून्य, चाळीस. आणि एक जागा रिकामी.

"ही रिकामी का?"

"तेव्हा बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. ताई मशीन सोडून त्यालाच शिव्या द्यायला लागली."

सरासरी आठ यायला हवी होती. प्रोग्रॅम म्हणत होता चाळीस.

तिला कळलं. रिकाम्या जागा काढून टाकायला तिने सर्वांत छोटी, सर्वांत देखणी ओळ लिहिली होती. ती ओळ यादीतल्या प्रत्येक नोंदीला विचारायची, 'तू काही आहेस का?' आणि तिच्या प्रोग्रॅमच्या भाषेत शून्यसुद्धा या प्रश्नाला 'नाही' म्हणतं. रिकामी जागा गेली, सोबत चारही शून्यं गेली. उरला एकटा चाळीस. ज्याची सगळीच शून्यं होती, तो माणूस यादीतूनच पुसला गेला.

"काही सापडलं?" तो पुढे झुकला. त्याच्या शर्टाला साबणाचा स्वच्छ वास होता. अशा वेळी असलं काही लक्षात येऊ नये, पण आलं.

ती ओळ गुपचूप बदलता आली असती. न आलेल्या माणसावर ढकलता आलं असतं. तसाही तो कधी येणार नव्हता.

"अहो… तो माणूस आलाय," ती म्हणाली. "मीच ती. मी न नोंदलेलं आणि शून्य एकाच गाळणीतून काढलं. चूक माझी आहे." आणि कान पुढे केल्यासारखी मान तिरकी करून बसली.

त्याने तिच्या कानाकडे पाहिलं, पण हात फाईलवरच ठेवला.

"जिन्यावरच कळलं होतं," तो म्हणाला. "गळ्यातल्या कार्डावर लिहिलंय, 'अहवाल प्रोग्रॅमर'. तुमच्या ऑफिसात तसा एकच माणूस आहे, हे खालच्या वॉचमनने सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होतो. मला वाट बघायची सवय आहे. आवाज ऐकू आला की लोकांनी बटण दाबायचं असतं. ते दाबेपर्यंत मी दुसरं काय करतो?"

तिने ओळ बदलली. आता प्रश्न एवढाच होता, 'नोंद झालीच नाही का?' नसेल झाली, तरच वगळायचं. शून्य म्हणजे उत्तर. ते राहू द्यायचं. बाराही अहवाल नव्याने काढले. नऊ जणांपैकी एकच अपात्र उरला, एक काका, ज्यांना आपल्याला कमी ऐकू येतं हे दोन वर्षांपासून माहीत होतं. पुसला गेलेला माणूसही परत आला, शून्य सरासरीसह. दोन वाजता यादी गेली.

त्याने ताईला फोन लावला.

"मला ऐकू येतं हे मला सांगायला फोन केलास?" पलीकडून आवाज आला. मग नाक ओढल्याचा आवाज. "…बरं झालं रे. आणि शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही."

"अरे, श्वास ऐकू येतोय मला. मुलगी आहे. विचार तिला, जेवली का."

गाळणीने तोंडावर हात धरला. सकाळपासून छातीवर बसलेला दगड हसूच्या वाटेने बाहेर पडला.

"दंड म्हणून तुमचे कान तपासायला या," निघताना तो म्हणाला. "शनिवारी… सकाळी. गर्दी नसते."

शनिवारी ती त्या जाड दाराच्या खोलीत हेडफोन लावून बसली, हातात बटण. काचेपलीकडे तो. आवाज एकेक करून बारीक होत गेले. ती दाबत गेली. मग आवाज थांबले. त्याने मशीनचा माईक तोंडाजवळ घेतला. खाली ठेवला. चष्मा पुसला. पुन्हा घेतला… आणि कागदाकडे बघत बसला.

हेडफोनमध्ये काहीच नव्हतं.

गाळणीने बटण दाबलं.

त्याच्या बाजूचा दिवा लागला. तो दचकला. "अहो, मी अजून काही विचारलंच नव्हतं…"

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण ही जागा मला रिकामी ठेवायची नव्हती."